हनुवटी कुणी धुतली?

आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाला काय द्यायचं यावर आमच्याकडे पंधरा दिवस खल चालला होता. साडी नको, तिची कपाटं भरून वाहताहेत. चांदीचं भांडं नको, ते ती दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी बारशात देऊन मोकळी होईल. शेवटी मीच म्हटलं, ट्रंकेत तिच्या आईवडिलांचा जुना फोटो आहे, तो दुरुस्त करून, मोठा करून, फ्रेम करून देते. फोटो दुरुस्त करायला मी तेव्हा नुकतीच शिकत होते. नुकतं पोहायला शिकलेल्याला विहिरीची भीती वाटत नाही, तसं माझं झालं होतं.

कार्यक्रमात ओवाळून झालं, पेढे वाटून झाले, मग फ्रेमवरचा कागद काढला. टाळ्या पडल्या. भाचरंडांनी मोबाइल उगारले. आत्यानं पदरानं चष्मा पुसला, फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. मग माझ्याकडे बघून, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "अगं, आईची हनुवटी कुणी धुतली?"

मला काही कळेना. तिनं काचेवर बोट टेकवलं. "इथे तीन ठिपके होते. गोंदणाचे. दोन वर, एक खाली."

बोटाखाली माझ्या कॉम्प्युटरवरच्या हीलिंग ब्रशनं घडवलेली तुकतुकीत, नितळ, कुणाचीही असू शकेल अशी हनुवटी होती.

मी आजीला पाहिलेलं नाही. ती १९७० साली गेली आणि माझा जन्म त्यानंतरचा. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगते आहे, पण बचाव तसा लंगडाच आहे. ठिपके मला दिसले होते. मी ते कचरा समजून पुसले होते.

फोटो १९३८ सालचा, लग्नानंतर दोन-तीन महिन्यांनी पुण्यातल्याच एका स्टुडिओत काढलेला. हाफ प्लेट, म्हणजे पावणेपाच इंच बाय साडेसहा इंच. तेव्हा एवढीच मोठी काचेची निगेटिव्ह कॅमेऱ्यात घालायचे आणि तीच कागदावर थेट ठेवून प्रिंट काढायचे, त्यामुळे त्यातला बारकावा आजही थक्क करतो. आजोबा खुर्चीत, बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी, चेहऱ्यावर हेडमास्तरांनी बोलावून घेतल्यासारखा भाव. आजी शेजारी उभी, नऊवारी लुगडं, एक हात खुर्चीच्या पाठीवर. त्या हाताला तो तिथे ठेवायला कुणीतरी सांगितलंय हे लगेच कळतं. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब, जिना आणि एक तळं. आमच्या खानदानात कुणाच्याही घराला असलं तळं नव्हतं.

आणि या सगळ्यावरून, आजोबांच्या गुडघ्यांच्या थोडी वर, फोटोच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेली एक तपकिरी, वेडीवाकडी रेघ. रेघेच्या खाली सगळं मातकट. उजव्या कोपऱ्यात, आजीच्या पावलांच्या जागी, चित्रच नाही. नुसता कागद, आणि त्यावर चार तिरके फराटे.

पुण्यात वाढलेल्या कुणालाही अशी रेघ समजावून सांगावी लागत नाही. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, मग खडकवासला फुटलं, आणि नदीकाठच्या पेठांमध्ये मुठा घुसली. आमचं बिऱ्हाड शनिवार पेठेत, वाड्याच्या तळमजल्यावर. आत्या तेव्हा एकोणीस वर्षांची. "अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो, पर्वतीच्या दिशेला," एवढंच ती नेहमी सांगते आणि मग गोष्ट एकदम परत आल्याच्या दिवसावर नेते. मधलं काही सांगत नाही. परत आले तेव्हा घरात पोटरीभर चिखल होता. अल्बमचा लगदा झालेला. हा फोटो मात्र देवघराच्या दाराशेजारी, पुरुषभर उंचीवर टांगलेला, तसाच खिळ्याला लोंबकळत होता. पाणी आजोबांच्या गुडघ्यांपर्यंत चढून ओसरलं होतं.

म्हणजे ती रेघ ही त्या खोलीतल्या पुराची खूण. अगदी काटेकोर म्हणता येणार नाही. कागद पाणी शोषून वर ओढतो, त्यामुळे प्रत्यक्ष पाणी रेघेच्या थोडं खाली असणार. वाडा पुढे पाडला, भिंत गेली, खिळाही गेला. त्या घरातली पाण्याची पातळी सांगणारी आता एकच वस्तू उरली आहे, आणि तिच्यात आजोबा गुडघाभर पाण्यात बसल्यासारखे दिसतात, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता.

ही रेघ मी एका क्लिकमध्ये घालवली. कशी, ते सांगते, कारण या सगळ्या उद्योगातली मला सगळ्यात आवडलेली युक्ती तीच आहे.

ट्रंक उघडली ती २०२१ च्या पावसाळ्यात, घरात ओल आली म्हणून. डांबरगोळ्यांचा वास, चार अल्बम, एक बिस्किटांचा डबा भरून सुटे फोटो आणि कसरीनं कुरतडलेल्या कडा. आधी मोबाइलनंच फोटोंचे फोटो काढले. प्रत्येकात माझ्याच डोक्याची सावली किंवा ट्यूबलाइटची पट्टी. मग एक साधा फ्लॅटबेड स्कॅनर घेतला. गिंप हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून ते घेतलं आणि यूट्यूबवर शिकायला बसले. मला सगळ्यात चांगलं शिकवणारा माणूस पोर्तुगीजमध्ये बोलायचा. एक अक्षर कळायचं नाही, पण त्याचा माउस कळायचा.

पहिल्या महिन्यात मी जे जे चुकीचं करता येतं ते सगळं केलं. स्कॅन जेपेगमध्ये साठवले, जे दर वेळी उघडून पुन्हा साठवलं की थोडंथोडं बिघडत जातं. मूळ फाइलवरच काम केलं. क्लोन ब्रशनं भिंतीचा एकच तुकडा इकडेतिकडे इतक्या वेळा चिकटवला की एका मामांच्या मागच्या भिंतीवर एकच पोपडा सात ठिकाणी उगवला. लेयर हा प्रकार समजायला तर दोन आठवडे गेले. शेवटी तो शाळेतल्या भूगोलानं समजला. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून नद्या काढायच्या, दुसऱ्या पेपरवर डोंगर, तिसऱ्यावर रेल्वे. नद्या चुकल्या तर तेवढाच पेपर फेकायचा, खालचा नकाशा शाबूत. फोटोचंही तेच. फक्त हे मला समजलं ते आत्याचा फोटो करून झाल्यावर.

आता ती युक्ती. काळापांढरा फोटोही स्कॅन करायचा तो रंगीत. मला हे आधी वेडेपणाचं वाटलं होतं. पण जुना काळापांढरा फोटो खरं तर काळापांढरा नसतोच. नीट न धुतलेल्या हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचा, पिवळेपणा असतो, चहाचे डाग असतात, बुरशी असते, गडद भागांवर चांदी वर येऊन आलेली निळसर आरसेदार झाक असते. स्कॅनर प्रत्येक चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन थरांत साठवतो. पिवळे-तपकिरी डाग निळ्या थरात भयंकर दिसतात, हिरव्यात कमी आणि लाल थरात जवळजवळ दिसत नाहीत. तेव्हा निळा आणि हिरवा थर टाकून द्यायचा, लाल तेवढा ठेवायचा, की डाग आपोआप निवळतो.

हाफ प्लेटचा फोटो १२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १२०० बिंदू टिपत, १६ बिटमध्ये, रंगीत स्कॅन केला की अडीचशे एमबीहून मोठी फाइल होते. माझ्या लॅपटॉपला ती उघडताना धाप लागत होती. लाल थर निवडला, पंखा घरघरला, आणि पानशेतचा पूर ओसरला. रेघेची पुसट सावली राहिली, ती ब्रशनं भरली. मातकटपणा गेला. आजोबांच्या बुटांच्या नाड्या दिसू लागल्या. रात्रीचा दीड वाजला होता, आणि घरात जागं कुणी नव्हतं म्हणून, नाहीतर मी ओरडून सगळ्यांना बोलावलं असतं.

त्याच भरात उजवा कोपरा बांधून काढला. आजीची पावलं कुठून आणणार? दुसऱ्या एका फोटोतल्या मावशीआजीची उचलून लावली, वर लुगड्याच्या निऱ्या ओढल्या. मग धूळ. १२०० डीपीआयला धूळ म्हणजे आभाळातल्या चांदण्या, मोजता येत नाहीत. पांढरे ठिपके, करडे ठिपके, माशीनं बसून केलेले काळे ठिपके. एकेकावर ब्रश टेकवायचा, ठिपका गायब. या कामाला एक नशा असते. शेंगा सोलताना येते तसली. हात थांबत नाही, आणि शेंग आहे की खडा हे बघायचं राहून जातं. आजीच्या हनुवटीवरचे तीन फिकट करडे ठिपके त्या ओघात गेले.

ते इतके फिकट का होते, हे मला आत्याच्या प्रश्नानंतर शोधावंसं वाटलं. गोंदण निळंहिरवं, ठसठशीत असतं, मग फोटोत धुळीसारखं का? उत्तर आजीच्या कपाळावर होतं. तिचं कुंकू काळंभोर आहे, बुक्का लावल्यासारखं. त्या काळात स्टुडिओत ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा सर्रास असत. या प्लेटांना निळा आणि हिरवा रंग दिसतो, लाल दिसत नाही. म्हणून तर लाल दिव्याच्या उजेडात त्या डोळ्यांनी बघत बघत धुता यायच्या. लाल वस्तू त्यांच्या दृष्टीनं अंधारासारखी, म्हणून कुंकू काळं. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेतही तांबूसपणा असतो, म्हणून चेहरेही प्रत्यक्षापेक्षा गडद. आणि निळसर वस्तू मात्र उजळ. गोंदण उजळलं, भोवतालची त्वचा काळवंडली, दोन्ही जवळजवळ एका रंगाची झाली. काचेनं ऐंशी वर्षांपूर्वीच तिचं गोंदण बरंचसं पुसलं होतं. उरलेलं मी पुसलं.

याची खातरजमाही झाली. बिस्किटांच्या डब्यात काकांच्या अग्फा क्लिक थ्रीनं काढलेले फोटो होते. बडोद्याला बनायचा तो कॅमेरा, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. मोठ्या प्रिंटा परवडत नसत म्हणून सव्वादोन इंचांच्या चिमुकल्या प्रिंटा. त्यातल्या एकात पूरग्रस्तांच्या वसाहतीतल्या नव्या घरासमोर आजी उन्हात डोळे बारीक करून उभी आहे. चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा. स्कॅन करून मोठा केला, आणि हनुवटीवर तीन ठिपके, दोन वर, एक खाली, शाईनं काढल्यासारखे. तोपर्यंत सगळे रंग दिसणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म घराघरांत आली होती. हा फोटो आधीपासून माझ्याजवळ होता. बघितला नव्हता इतकंच.

आत्याकडे मी लॅपटॉप घेऊन गेले ती माफी मागायला. गेले आणि तीन तास बसले. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. आता गेली काही वर्षं महिन्यातला एक रविवार तसाच जातो. ती स्क्रीनवर बोट ठेवते, मी ते ठिकाण मोठं करते. आजीचं गोंदण माहेरच्या जत्रेत झालं, नऊ वर्षांची असताना. गोंदणारीण गाणं म्हणत सुया टोचत होती आणि आजी हात सोडवून पळाली, म्हणून दंडावरची तुळस अर्धीच राहिली. "मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं ती म्हणायची," आत्या म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि तू तेच काढलंस."

तिला माझी चेष्टा करायला आवडतं. पण हे वाक्य बोचलं.

मग आजोबांकडे वळलो. आत्याचं म्हणणं, बाबांना लहानपणी देवी आल्या होत्या, गाल पाट्यासारखे टाकी लावलेले होते. फोटोत गाल साफ. या वेळी मी शपथेवर सांगू शकत होते की मी काही केलं नाही. मूळ स्कॅन काढला, गाल मोठा केला, आणखी मोठा केला. आणि दिसलं. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर खड्डे आहेत. गालांवर खड्ड्यांच्या जागी स्वल्पविरामासारखे अगदी बारीक फटकारे आहेत, शेकडो, एकाच दिशेनं झुकलेले.

ती पेन्सिल होती. निगेटिव्हवर पेन्सिलनं जिथे काळं करावं तिथे प्रिंटवर उजळतं. म्हणून स्टुडिओत रिटचिंग करणारा माणूस खिडकीपाशी तिरक्या चौकटीत काच ठेवून, सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं सुरकुत्या, मुरुमं, देवीचे व्रण एकेक करून भरत असे. या माणसानं दोन्ही गाल भरले आणि कपाळापाशी आल्यावर थांबला. संध्याकाळ झाली असेल, उजेड गेला असेल, किंवा ठरलेल्या पैशांत तेवढंच बसत असेल. मला त्याच्याबद्दल एकदम जवळीक वाटली. मी रात्री दीडला हीलिंग ब्रश घेऊन जे करत होते तेच तो १९३८ साली करत होता. त्यालाही कुणीतरी सांगितलं असणार, नवरामुलगा जरा नीट दिसू दे.

खरं म्हणजे या कामाला लागल्यापासून मलाही लोक हेच सांगतात. फोटो दुरुस्त करते अशी बातमी नात्यागोत्यात पसरली आणि फर्माइशी सुरू झाल्या. सासऱ्यांना कोट घाल. आईच्या गळ्यात मोहनमाळ दाखव, होती तिच्याकडे, मोडली नंतर. एका काकूंना १९८४ च्या ग्रुप फोटोतून धाकटे दीर काढून हवे होते, कारण मधल्या काळात फ्लॅटवरून कोर्टकचेरी झाली. मी म्हटलं, काकू, त्यांचा हात तुमच्या खांद्यावर आहे, ते गेले तर तुमचा खांदाही जाईल. तांत्रिकदृष्ट्या हे साफ खोटं होतं. काकूंनी विचार करून त्यांना राहू दिलं.

ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो तर वेगळीच डोकेदुखी. काळेपांढरे फोटो चांदीचे, ते टिकतात. रंगीत फोटो तीन रंगद्रव्यांचे, आणि त्या काळच्या बऱ्याच कागदांवरचं निळसर द्रव्य अंधारात, अल्बमात मिटून ठेवलेलं असतानाही आधी विटतं. म्हणून सगळ्यांच्या मुंजी, बारशी आणि महाबळेश्वर आता तांबडेलाल. लाल थराची वक्ररेषा ओढून ताणून बरंच परत आणता येतं. पण ते फोटो त्या चिकट पानांच्या, वर प्लॅस्टिक असलेल्या अल्बमांत असतील तर आधी ते सुटे करण्यातच जीव जातो. ओढू नका. दात साफ करायचा दोरा फोटोखालून हळूहळू करवतीसारखा न्या. मी ओढून दोन फोटोंचे कोपरे घालवले तेव्हा हे शिकले. आणि काचेला चिकटलेला फोटो असेल तर काढूच नका, काचेसकट स्कॅन करा.

एआयबद्दल मला प्रत्येक जण विचारतो, तेही सांगून टाकते. मावसभावानं २०२१ साली आजोबांचा फोटो एका साइटवर टाकून त्यांना डोळे मिचकवायला आणि मान हलवायला लावलं होतं. तो व्हिडिओ आत्याला दाखवला. "हा कोण?" म्हणाली. मी स्वतः चेहरा सुधारणारं एक मोफत साधन वापरून बघितलं. तीस सेकंदांत निकाल. आजोबा गुळगुळीत, तरतरीत, दोन्ही डोळे सारखे, कपाळावरचे उरलेले खड्डेही गायब. पेन्सिलवाल्याचं राहिलेलं काम त्यानं पुरं केलं. अशी बरीच साधनं एफएफएचक्यू नावाच्या संग्रहावर शिकलेली असतात. त्यात फ्लिकरवरून घेतलेले सत्तर हजार चेहरे आहेत. म्हणजे आत्ताच्या, कॅमेरा हातात असलेल्या जगातले चेहरे. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, आणि १९८० साली जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. त्या सत्तर हजारांत देवीचे व्रण असलेला चेहरा कितीसा सापडणार? त्या यंत्राला आजोबांच्या कपाळावर जे दिसलं ते त्यानं कधी पाहिलेलंच नाही, म्हणून त्याला ते खराबी वाटलं. मला हसायचा हक्क नाही. मीही गोंदण असलेली आजी पाहिली नव्हती.

ओरखडे भरायला, पडद्यासारखा मोठा भाग जुळवायला मी ती साधनं वापरते. चेहऱ्याला लावत नाही.

लुगड्याच्या रंगाचा वाद अजून मिटलेला नाही. फोटो रंगीत करू या असं भाच्याचं म्हणणं होतं. काठ कुंकवाइतकेच काळे आहेत, तेव्हा ते लाल असावेत असा माझा कयास. अंगाचा रंग मधला करडा, त्यात हिरवा बसतो, जांभळा बसतो, काहीही बसतं. आत्या म्हणते अंजिरी. आमची काकू म्हणते हिरवं, कारण त्या लुगड्याची पुढे गोधडी झाली आणि त्या गोधडीवर ती झोपली आहे. आत्या म्हणते ती गोधडी दुसऱ्याच लुगड्याची. दोघी अडून बसल्या आहेत आणि फोटो काळापांढराच आहे.

उरला उजवा कोपरा. चार फराटे. मी ते पाण्याचं काम समजत होते. एका रविवारी मी आत्याला माझं कसब दाखवत होते, बघ, कशी पावलं बसवली. तिनं मूळ फोटो मागितला. त्या कोपऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. पुरानंतर परत आले त्या दिवशीचं मधलं जे ती कधी सांगत नाही, त्यातलं एवढंच तेव्हा सांगितलं. आजोबा बाहेर चिखल उपसत होते. आजीनं भिंतीवरून फोटो काढला. काच तडकलेली होती, ती बाजूला केली, आणि कोरड्या फडक्यासाठी इकडेतिकडे बघितलं. घरात कोरडं काहीच नव्हतं. तेव्हा तिनं हातानंच चिखल पुसला, ताट पुसावं तसा, एकदाच. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा, पाण्यात फुगून सायीसारखा झालेला. बोटांबरोबर तिची पावलं निघून आली. ती थांबली, हाताकडे बघितलं, आणि फोटो तसाच उभा करून वाळत ठेवला. पुन्हा कधी फ्रेम केला नाही.

मी मावशीआजीची पावलं त्या रात्री काढून टाकली.

मग मूळ स्कॅनपासून सगळं नव्यानं केलं, या वेळी ट्रेसिंग पेपरवर. धूळ काढली, पण प्रत्येक ठिपका आधी थांबून बघितला. गोंदण होतं तेवढंच ठेवलं, फिकट. क्लिक थ्रीच्या फोटोत बघून ते जरा गडद करायचा मोह झाला, हातही गेला होता, पण आवरला. आजोबांचे गाल पेन्सिलवाल्यानं ठेवले तसे, कपाळही त्यानं सोडलं तसं. फराटे ठेवले. रेघेबाबत माझं ठरेना, मी दोन प्रती काढल्या, एक पुरासकट आणि एक पुराविना. लॅबमधून छापून आणल्या आणि आत्याकडे गेले, म्हटलं, तुला हवी ती निवड, आणि ती धुतलेल्या हनुवटीची मला परत दे.

तिनं दोन्ही प्रती बघितल्या. चांगल्या झाल्यात म्हणाली. पुराची बघताना रेघेवरून बोट फिरवलं. मग दोन्ही पाकिटात घालून माझ्या हातात दिल्या.

"तुझ्याकडे असू देत. मला आता भिंतीवरचा बदलायचा नाही."

मी आत जाऊन भिंतीवरचा फोटो बघितला. तोच, माझा पहिला, पानशेतविना, मावशीआजीच्या पावलांसकट. फ्रेमच्या मागचे खिळे उचकटून परत ठोकलेले होते. आणि हनुवटीवर तीन ठिपके होते, दोन वर, एक खाली. निळ्या बॉलपेनचे. चकचकीत कागदावर शाई लवकर वाळत नाही, त्यामुळे उजवीकडचा जरा फताडला होता.

"सरळ रेषेत येईना," आत्या मागून म्हणाली. "हात थरथरतो हल्ली. पण तिचेही काही सरळ नव्हते."